चिंता, पचन आणि पोटातला वैश्वानर

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १५, श्लोक १४



आजचा श्लोक तुमच्यातल्या अनेकांच्या कानावरून रोज जात असेल. कित्येक घरांत आणि आश्रमांत जेवणाआधी पंधरावा अध्याय म्हणतात, त्यात तो ओघात येऊन जातो. भगवंत सांगतात, की मी वैश्वानर नावाचा अग्नी होऊन सगळ्या प्राण्यांच्या देहात राहतो आणि प्राण-अपानाला सोबत घेऊन चार प्रकारचं अन्न पचवतो. चार प्रकार म्हणजे चावून खायचं, नुसतं गिळायचं, चाटायचं आणि चोखायचं. भाकरी, खीर, मध, ऊस. थोडक्यात, आपण जे जे पोटात टाकतो ते सगळंच.

या श्लोकाची जागा बघा. बाराव्या श्लोकात देव सूर्याचं आणि चंद्राचं तेज होतो. तेराव्यात पृथ्वीत शिरून झाडापिकांना पोसतो. चौदाव्यात थेट आपल्या पोटात येऊन बसतो. आणि पंधराव्यात सांगतो, की मी सगळ्यांच्या हृदयात आहे. म्हणजे हृदयाचा उल्लेख नंतर, पोटाचा आधी! हा क्रम मला फार आवडतो. ज्याला आपण ध्यानात शोधतो, तो आधीपासून स्वयंपाकघरात कामाला लागलेला आहे.

पण आजचं चिंतन या आनंदावर थांबवता येत नाही. कारण रविवारच्या आमच्या गीतावर्गात एका मुलीनं विचारलेला प्रश्न डोक्यातून जात नाहीये. ती पुण्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, मेसचा डबा खाते, सकाळी न चुकता हरिपाठ म्हणते. ती म्हणाली, "ताई, पेपर जवळ आले की दोन घास खाल्ले तरी पोटात गोळा येतो. छातीत जळजळ, रात्री मळमळ. माझी रूममेट म्हणते, खरी श्रद्धा असती तर एवढं टेन्शन आलंच नसतं. देव जर पोटात बसून अन्न पचवतो, तर माझं का पचवत नाही? माझी भक्ती कमी पडते का?"

प्रश्न एकटीचा नाही. तुमच्यापैकी कितीतरी जण खिशात जपमाळ आणि बॅगेत अँटासिडची पट्टी घेऊन फिरत असतील. डेडलाइन, ईएमआय, लग्नाची बोलणी, लागणार-लागणार म्हणून न लागलेला निकाल. पोट सगळं ऐकत असतं. आणि वर कुणीतरी भक्तीचं माप काढतं. म्हणून आज हा प्रश्न नीट उघडून बघू.

काळजी पोटात कशी उतरते?

आपल्या भाषेला हे फार आधीपासून माहीत आहे. पोटात गोळा येतो, पोटात खड्डा पडतो, पोटात कालवतं, घास घशाखाली उतरत नाही. आणि सगळ्यांत नेमकं म्हणजे, खाल्लेलं अंगी लागत नाही. माझी आजी कुणी सुकलेलं दिसलं की "काय खातोस?" असं विचारत नसे. "कसला घोर लागलाय?" असं विचारायची.

चरकसंहितेच्या विमानस्थानात दुसऱ्या अध्यायात हेच शास्त्र म्हणून सांगितलं आहे. पथ्याचं अन्न, तेही मापात खाल्लेलं, तरीसुद्धा चिंता, शोक, भय, क्रोध, अस्वस्थ झोप आणि जागरण यांनी ते पचत नाही. लक्षात घ्या, इथे दोष अन्नात नाही आणि प्रमाणातही नाही. ताटात सगळं बरोबर आहे, फक्त जेवणारा बेजार आहे.

१८२२ साली अमेरिकेत मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन या फरच्या व्यापारातल्या तरुण कामगाराला अगदी जवळून बंदुकीची गोळी लागली. लष्करी डॉक्टर विल्यम ब्यूमाँट यांनी त्याला वाचवलं, पण पोटाला पडलेलं भोक कधी बुजलंच नाही. त्या भोकातून डॉक्टरांनी पुढे कित्येक वर्षं जठराचं काम डोळ्यांनी पाहिलं. रेशमाच्या दोऱ्याला अन्नाचे तुकडे बांधून आत सोडायचे आणि थोड्या थोड्या वेळानं बाहेर काढून बघायचे. १८३३ साली त्यांचं पुस्तक आलं. त्यात त्यांनी नोंदवलं आहे, की भीती किंवा राग यांनी मन ढवळलं की जठराच्या आतल्या अस्तराचा रंग पालटतो, ते कधी लाल आणि कोरडं तर कधी फिकट होतं, आणि पाचकरस कमी होतो.

त्या शतकाच्या अखेरीस हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन यांनी नव्यानं आलेल्या एक्स-रेखाली मांजरांचं पोट पाहिलं. खाल्ल्यावर जठराच्या लाटा एका लयीत चाललेल्या असायच्या. मांजर घाबरलं, चिडलं, की लाटा थांबायच्या. ते शांत झालं की पुन्हा सुरू व्हायच्या. मांजराची श्रद्धा कमी होती असं तर कुणी म्हणणार नाही ना!

यामागचं कारण साधं आहे. भीती वाटली की शरीर जीव वाचवायच्या तयारीला लागतं. रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं, लाळ आटते, जठर रिकामं व्हायला वेळ लागतो. मोठं आतडं मात्र पुष्कळदा उलटी घाई करतं. म्हणून परीक्षेच्या सकाळी एखाद्याला तीनदा जावं लागतं आणि त्याच वेळी त्याला नाश्ताही नकोसा होतो. वाघ समोर असेल तर ही व्यवस्था उत्तम. वाघ पाच मिनिटांत येतो किंवा जातो. पण आपला वाघ म्हणजे दोन वर्षं चाललेली परीक्षा, किंवा रात्री अकराला वाजणारा ऑफिसचा ग्रुप. तो जातच नाही. मग पोटही सुटत नाही.

शिवाय पोट नुसतं हुकूम ऐकणारं नाही. आपल्या अन्नमार्गाच्या भिंतीत १० कोटींहून जास्त चेतापेशी आहेत. मेंदू आणि पोट यांना जोडणाऱ्या व्हेगस नाडीतले बहुतेक तंतू पोटाकडून मेंदूकडे निरोप नेतात. म्हणजे मन पोटाला बिघडवतं आणि बिघडलेलं पोट मनाला. म्हणूनच "टेन्शन घेऊ नकोस" या तीन शब्दांनी काही होत नाही. तिथे एक चक्र फिरतंय.

अर्जुनाचं तोंड कोरडं पडलं होतं

आता मूळ प्रश्न. काळजीनं पोट बिघडणं हा भक्तीतला उणेपणा आहे का?

उत्तरासाठी मी गीतेच्या पहिल्याच अध्यायात जाते. दोन्ही सैन्यांमध्ये रथ उभा आहे. अर्जुन आपल्या शरीराचं काय होतंय ते सांगतो. गात्रं गळाली, तोंड कोरडं पडलं, अंगाला कंप सुटला, काटा आला, हातातून गांडीव सुटतंय, त्वचा जळतेय, उभं राहवत नाही, मन भोवंडतंय. आपण हे सगळं नाट्य म्हणून वाचतो. पण तोंड कोरडं पडलं म्हणजे काय झालं? लाळ आटली. आणि पचनाची पहिली पायरी लाळ आहे. म्हणजे अर्जुनाचा अग्नी त्या क्षणी मंदावला होता, आणि त्याच्या रथावर प्रत्यक्ष वैश्वानर हातात लगाम धरून बसला होता!

देवाचा इतका जवळचा सखा. त्यालाही असं झालं. भगवंत त्याला बोलले, दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला चांगले कडक बोलले. पण कुठेही म्हणाले नाहीत, की तुझं तोंड कोरडं पडलं म्हणजे तू माझा नाहीस. त्याला रथातून उतरवलं नाही. हसले आणि सांगायला बसले. जी गीता आपण रोज वाचतो ती एका घाबरलेल्या माणसाला सांगितलेली आहे. न घाबरणाऱ्याला तिची गरजच पडली नसती.

आणि आजच्या श्लोकातले शब्दही पुन्हा बघा. मी प्राण्यांच्या देहात राहतो, असं देव म्हणतो. भक्तांच्या, शांत लोकांच्या, साधकांच्या देहात, अशी अट नाही. गाईच्या पोटात तोच, मुंगीच्या पोटात तोच, मेसमध्ये अर्धी पोळी ताटात टाकून उठलेल्या त्या मुलीच्या पोटातही तोच. काळजी आहे म्हणून तो घर सोडून जात नाही.

"मग तरी माझं का पचत नाही?" याचं उत्तर श्लोकाच्या मधल्या शब्दांत आहे: प्राण आणि अपान. ज्ञानेश्वर माउलींनी इथे फार सुंदर चित्र उभं केलं आहे. नाभीच्या ठिकाणी देवानं शेगडी पेटवली आहे आणि प्राण-अपानाच्या भात्यांची जोडी तो अहोरात्र फुंकतो आहे. लोहाराचा भाता पाहिलाय ना? तो लयीत चालला तर निखारा फुलतो. झटके देत, अर्धवट चालवला तर शेगडी धुमसते. काळजीत आपला श्वास कसा असतो? वरवरचा, छातीत अडकलेला, मध्येच थांबणारा. शेगडी त्याची आहे, अग्नी त्याचा आहे. पण भात्याच्या दांडीवर आपलाही हात ठेवायला त्यानं थोडी जागा दिली आहे. श्वास हे शरीरातलं असं काम आहे, जे आपोआप चालतं आणि ठरवलं तर आपल्यालाही चालवता येतं. सावकाश, लांब सोडलेला श्वास शरीराला कळवतो, की वाघ समोर नाही.

जेवणाआधीच्या प्राणाहुती आता वेगळ्या दिसतात. चित्राहुती घालून प्राण, अपान, व्यान, उदान, समान अशा पाच आहुती देताना आपल्या आजोबांना मिनिटभर तरी थांबावं लागायचं. हात धुतलेले, मांडी घातलेली, ताट समोर, आणि बाहेरचं जग त्या पाण्याच्या रेषेच्या पलीकडे. जेवणाला यज्ञ म्हणण्यात भावना आहेच, सोबत व्यवहारही आहे. यज्ञकुंडाजवळ कुणी धावत येत नाही.

श्रद्धेनं निदान करू नका

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. पोटाच्या प्रत्येक दुखण्याला "टेन्शन" म्हणणं हीसुद्धा चूक आहे. कित्येक दशकं जठरातल्या अल्सरचं खापर मुख्यतः तणावावर आणि तिखट खाण्यावर फोडलं जायचं. मग १९८२ साली ऑस्ट्रेलियात पर्थमध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवलं, की जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू असतो. पुढे सिद्ध झालं, की बहुसंख्य अल्सरचं मूळ तो आहे, आणि अँटिबायोटिकनं ते बरे होतात. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. विचार करा, त्याआधी किती माणसांना "तू फार विचार करतोस, म्हणून तुला हे झालं" असं ऐकवलं गेलं असेल! पोटात जंतू, आणि दोष स्वभावाला.

उलट बाजूही आहे. काहींच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल येतात, तरी दुखतं. डॉक्टर आयबीएस म्हणतात. तिथे "रिपोर्ट चांगले आहेत, म्हणजे तुला काही नाही, मनाचे खेळ" असं घरचे म्हणतात. पण पोट आणि मेंदू यांच्यातला संवाद बिघडला की होणारी वेदना खरीच असते.

म्हणून मित्रांनो, वजन विनाकारण उतरत असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा शौच डांबरासारखं काळं होत असेल, दुखण्यानं रात्री जाग येत असेल, गिळायला त्रास होत असेल, तर आधी डॉक्टर. मन सतत भीतीत राहत असेल तर त्याचेही डॉक्टर असतात. औषध घेतल्यानं नामाचा अपमान होत नाही. वैश्वानर चार प्रकारचं अन्न पचवतो, गोळीही तोच पचवतो. आणि कडक उपास करून ॲसिडिटी "तपानं" घालवायला निघालेल्यांनी सहाव्या अध्यायात डोकवावं. फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही, असं भगवंतांनी तिथे स्वच्छ सांगितलं आहे.

खरा प्रश्न दुसऱ्या ताटाचा आहे

आता माझ्या मनात जे सगळ्यांत जास्त सलतंय त्याकडे येते. आपण नेहमी विचारतो, "तुला टेन्शन का येतं?" हा प्रश्न ज्याचं पोट दुखतंय त्यालाच विचारला जातो. पण त्याच्या पोटात भीती घातली कुणी, हे कोण विचारणार?

बाराव्या अध्यायात आपल्याला प्रिय असलेल्या भक्ताची लक्षणं सांगताना भगवंत पंधराव्या श्लोकात म्हणतात, की ज्याच्यापासून लोकांना उद्वेग होत नाही आणि ज्याला लोकांपासून उद्वेग होत नाही, तो मला प्रिय. क्रम पाहिलात? "मी विचलित होत नाही" हे दुसरं. "माझ्यामुळे कुणी विचलित होत नाही" हे पहिलं. रूममेटनं त्या मुलीला दुसऱ्या लक्षणावर नापास केलं, आणि ते करताना स्वतः पहिलं ओलांडून गेली. पुढे त्याच श्लोकात भयमुक्तीही आहे, हे खरंच. पण ते पोचायचं ठिकाण आहे, आत शिरायची प्रवेशपरीक्षा नाही. सतराव्या अध्यायातही वाणीच्या तपाची यादी दुसऱ्याला उद्वेग न देणाऱ्या बोलण्यापासून सुरू होते. सत्य, प्रिय, हितकर हे शब्द त्यानंतर येतात.

आता हे आजच्या श्लोकाशेजारी ठेवा. प्रत्येक पोटात जर तोच वैश्वानर असेल, तर ताटावर बसलेल्या माणसाला घाबरवणं म्हणजे कुणाच्या शेगडीवर पाणी ओतणं?

मी ज्या ऑफिसात काम करते तिथे दुपारी दीडला डबे उघडतात. मागे एका प्रोजेक्टवर आमचे वरिष्ठ नेमके त्याच वेळी फोन करून कामाचा हिशेब विचारायचे. शेजारी बसणारा मुलगा मेथीची भाजी आणि भाकरी तशीच झाकून ठेवायचा. चारला ती गार भाकरी स्क्रीनकडे बघत चार घासांत संपवायचा. त्याच्या आईनं पहाटे उठून केलेली असायची ती. त्याच्या ॲसिडिटीवर सगळे त्याला सल्ले द्यायचे: तिखट सोड, चहा कमी कर, प्राणायाम कर. दीडचा फोन बंद करा, असा सल्ला मात्र कुणी वर दिला नाही. आता आमची टीम एवढं पाळते, की कुणाचा डबा उघडा असेल तर कामाचं बोलणं वीस मिनिटं थांबतं. पाटी लावलेली नाही. एकानं सुरुवात केली, बाकीच्यांनी धरलं.

घरात तर हे आणखी जास्त. चाचणीचे मार्क कधी विचारले जातात? जेवताना. लग्नाचं कधी निघतं? जेवताना. सुनेच्या स्वयंपाकातलं उणं कधी काढलं जातं? ती स्वतः पहिला घास घेते तेव्हा. सगळे एकत्र सापडतात म्हणून आपण ताटावर बोलतो. पण नैवेद्य दाखवताना आपण देवासमोर भांडतो का? तिथे दोन मिनिटं डोळे मिटून उभे राहतो. मग पाटावर बसलेल्या चालत्याबोलत्या देहातल्या देवाला जेवताना टोमणे का?

कुणी म्हणेल, "मग काय कुणाला काही बोलायचंच नाही? मुलगा अभ्यास करत नसेल तर?" बोलायचं, नक्की बोलायचं. भगवंतही अर्जुनाला कडक बोललेच. पण शेवटी "तुला योग्य वाटेल ते कर" असं म्हणून त्याला मोकळं सोडलं. ज्या बोलण्यानंतर माणूस उभा राहतो ते वेगळं, आणि ज्या बोलण्यानं घास अडकतो ते वेगळं. फरक आपल्याला कळतो. समोरच्याचा हात ताटावर थांबला, की समजायचं.

त्या मुलीला मी एवढंच म्हटलं, की तुझा अग्नी विझलेला नाही, धुमसतोय. डॉक्टरांना एकदा दाखव, जेवताना पुस्तक मिटून ठेव, आणि भक्तीचं माप तू काढू नकोस, दुसऱ्या कुणाला काढूही देऊ नकोस. ती हसली, म्हणाली, "ताई, रूममेटला पण पाठवू का वर्गाला?" म्हटलं, पाठव. पण आधी तिला विचार, ती नीट जेवते का. तिचाही पेपर त्याच दिवशी आहे.

आजचा संकल्प

एक : आज एक तरी जेवण मोबाइल उलटा ठेवून. पहिल्या घासाआधी पाच श्वास, सोडताना सावकाश. प्राण, अपान, व्यान, उदान, समान, एकेका श्वासाला एकेक नाव.

दोन : आज कुणाच्याही ताटावर कटू विषय काढायचा नाही. हात धुतल्यावर बोलू.

तीन : घरात, होस्टेलवर, ऑफिसात जो जेवायचं टाळतोय, त्याला उपदेश नको. त्याच्याशेजारी आपला डबा उघडून बसा.

हे वैश्वानरा, माझ्या पोटात तू आहेस याचा मला विसर पडला तरी तू तुझं काम थांबवत नाहीस. माझी काळजी तुझ्या शेगडीपाशी आणून ठेवते. आणि माझ्या शब्दानं कुणाच्या पोटातला तू मंदावू नयेस, एवढं मला सांभाळ.

राम कृष्ण हरी. सावकाश जेवा. उद्या पंधरावा श्लोक घेऊ, पोटातून हृदयात जाऊ.